कर्णबधिरांची स्मृती आणि आपल्या मोजपट्ट्या

ऐकू येणाऱ्या प्रौढ माणसाला सेकंदाला एक या गतीने काही असंबद्ध आकडे ऐकवावेत आणि ते त्याच क्रमाने लगेच म्हणून दाखवायला सांगावेत, तर बहुतेक माणसे सात आकड्यांच्या आसपास अडखळू लागतात. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली लिहिलेल्या निबंधानंतर सात, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त, हा आकडा अल्पकालीन स्मृतीची मर्यादा म्हणून इतका रूढ झाला की मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो जवळपास निसर्गनियमासारखा येतो. अमेरिकन सांकेतिक भाषेत लहानपणापासून वाढलेल्या कर्णबधिर प्रौढांची याच प्रकारची चाचणी त्यांच्या भाषेत घेतली, तेव्हा मात्र त्यांची सरासरी पाचाच्या जवळपास आली. बूटला, सुपाला, न्यूपोर्ट आणि बॅव्हेलिए या संशोधकांनी २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यांपैकी टेड सुपाला हे स्वतः कर्णबधिर भाषाशास्त्रज्ञ आहेत.

सात आणि पाच यांमधल्या या अंतराचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. कर्णबधिर मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, त्याच्याशी घरात हातांनी बोलायचे की नाही, त्याच्याकडून वर्गात किती अपेक्षा ठेवायची, अशा निर्णयांमागे ‘या मुलांच्या लक्षात कमी राहते’ ही समजूत कधी उघडपणे, पण बहुतेक वेळा न बोलताच काम करत असते. माझे म्हणणे असे आहे की प्रयोगात दिसलेले अंतर खरे आहे, पण ते एका विशिष्ट कामाचे आणि ते काम ज्या मार्गाने केले जाते त्या मार्गाचे अंतर आहे. त्यावरून कर्णबधिर माणसाच्या बुद्धीविषयी काहीही सिद्ध होत नाही. कर्णबधिर मुलांच्या स्मृतीचे खरे नुकसान होते ते भाषा वेळेवर न मिळाल्याने, आणि हे नुकसान बहिरेपणाने आपोआप होत नाही, ऐकणाऱ्यांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेतून होते.

ऐकणारा माणूस आकडे लक्षात कसे ठेवतो, हे आधी पाहायला हवे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड यांनी १९६४ साली दाखवून दिले की रोमन अक्षरे डोळ्यांसमोर लिहून दाखवली तरी लोक चुका करतात त्या उच्चाराच्या साम्यामुळे. बी, सी, पी, टी, व्ही ही अक्षरे एकमेकांशी गोंधळतात, दिसायला ती कितीही वेगळी असोत. म्हणजे डोळ्यांनी वाचलेले माणूस मनातल्या मनात आवाजात रूपांतरित करून ठेवतो. पुढे १९७४ साली बॅडली आणि हिच यांनी कार्यकारी स्मृतीचे, म्हणजे काम चालू असताना माहिती तात्पुरती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीचे, जे प्रारूप मांडले, त्यात या आवाजी साठ्याला आणि त्याच्या मनातल्या पुनरुच्चाराला स्वतंत्र स्थान दिले. साठा दोनेक सेकंदांत विरतो, तो विरण्याआधी मनातल्या मनात जितके पुन्हा म्हणून होते तितके टिकते. त्यामुळे लांब शब्दांची यादी आखूड शब्दांच्या यादीपेक्षा कमी लक्षात राहते.

मग ज्यांच्या भाषेत आवाजच नाही, त्यांच्या मनात काय चालते? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचा एक मोठा वर्ग असे धरून चालला होता की सांकेतिक भाषा ही खरी भाषाच नव्हे, ती हातवाऱ्यांची मोडतोड आहे, आणि म्हणून कर्णबधिर माणूस चित्रांनी किंवा कसल्यातरी अपुऱ्या साधनाने लक्षात ठेवत असावा. विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेची घटकांत फोड करून दाखवली. हाताचा आकार, तो शरीराजवळ कुठे ठेवला आहे आणि तो कसा हलतो, या मोजक्या घटकांच्या जुळणीतून प्रत्येक संकेत बनतो, जसे मोजक्या ध्वनींमधून शब्द बनतात. याचा स्मृतीशी असलेला संबंध १९७५ साली बेलुगी, क्लिमा आणि सिपल यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला. मतदानासाठीचा इंग्रजी शब्द ऐकून लक्षात ठेवणाऱ्यांनी चुकून त्या जागी नावेसाठीचा शब्द लिहिला, कारण इंग्रजीत व्होट आणि बोट हे शब्द कानाला जवळचे आहेत. त्याच अर्थाचा संकेत लक्षात ठेवणाऱ्या कर्णबधिरांनी त्या जागी ‘चहा’ लिहिले, कारण अमेरिकन सांकेतिक भाषेत ते दोन संकेत हाताच्या घडणीत एकमेकांना जवळचे आहेत. चूक अर्थाची नाही, चित्राची नाही, भाषेच्या घटकांची आहे. १९९७ पासून विल्सन आणि एमोरी यांनी केलेल्या प्रयोगांत तर हे आणखी पुढे गेले: घडणीने सारखे संकेत असलेल्या याद्या कठीण जातात, जास्त वेळ घेणारे संकेत कमी लक्षात राहतात, आणि हात दुसऱ्या निरर्थक हालचालीत गुंतवून ठेवले तर आठवण ढासळते. ऐकणाऱ्यांच्या आवाजी साठ्याचे जे जे गुणधर्म सांगितले जातात, ते हातांच्या भाषेत तसेच्या तसे सापडले. मनाची यंत्रणा तीच आहे, फक्त तिच्यात फिरणारा माल वेगळा आहे.

तरीही पाच आणि सात यांत फरक राहतोच, आणि तो झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. या फरकावर २००६ साली संशोधकांमध्ये खडाजंगी झाली. विल्सन आणि एमोरी यांचा आक्षेप असा होता की तुलना समान वस्तूंची नव्हती. इंग्रजीत आकडे वापरले होते आणि सांकेतिक भाषेत बोटांनी दाखवली जाणारी अक्षरे, आणि इंग्रजीतले आकडे मुळातच अक्षरांपेक्षा अधिक लक्षात राहतात. दोन्हीकडे अक्षरे वापरल्यावर त्यांना फरक दिसला नाही. बॅव्हेलिए आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी उत्तर दिले की योग्य काळजी घेतली तरी फरक उरतो. २००८ साली इटलीत जेराची आणि सहकाऱ्यांनी इटालियन सांकेतिक भाषेतील संकेत आणि बोललेले शब्द यांची तुलना केली, तेव्हाही संकेतांच्या बाबतीत क्रमवार आठवण कमी भरली. या सगळ्याकडे प्रामाणिकपणे पाहिले, तर असंबद्ध गोष्टींची यादी क्रमाने पुन्हा सांगणे या कामात बोलीला सांकेतिक भाषेपेक्षा काहीसा फायदा आहे, असेच मान्य करावे लागते.

परंतु हा फायदा कानांचा आहे की भाषेच्या वाहिनीचा? याचे उत्तर ज्यांना दोन्ही वाटा उपलब्ध आहेत अशा माणसांकडून मिळते. कर्णबधिर आईवडिलांच्या पोटी जन्मलेली, स्वतः ऐकू शकणारी माणसे इंग्रजी आणि सांकेतिक भाषा या दोन्हींमध्ये लहानपणापासून वाढतात. बूटला आणि सहकाऱ्यांनी त्यांची चाचणी घेतली तेव्हा त्याच माणसाचा आवाका, म्हणजे एका वेळी क्रमाने लक्षात राहणाऱ्या गोष्टींची संख्या, इंग्रजीत सातच्या आसपास आणि संकेतांत पाचच्या आसपास आला. त्या माणसाची श्रवणशक्ती शाबूत आहे, बुद्धी तीच आहे, मेंदू तोच आहे. भाषा बदलली की आकडा बदलतो. कर्णबधिरपणामुळे स्मृती आखूड होते हे म्हणणे या एका निरीक्षणापुढे टिकत नाही. हॉल आणि बॅव्हेलिए यांनी २०११ साली आणखी बारकाईने पाहिले. पाहणे, मनात साठवणे आणि परत सांगणे हे तीन टप्पे त्यांनी वेगळे केले आणि प्रत्येक टप्प्यावर भाषा बदलून पाहिली. पाहताना व साठवताना सांकेतिक भाषा वापरली तर क्रमवार आवाका कमी होतो, पण परत सांगताना ती वापरली तर आवाका थोडा वाढतोच, असे त्यांना आढळले. हात हे स्मृतीसाठी कमअस्सल साधन आहे असे मानणाऱ्यांनी या निष्कर्षाचा विचार करायला हवा.

भाषेमुळे आकड्यांचा आवाका बदलणे यात नवलही काही नाही. वेल्श मुलांचे बुद्धिमापन चाचणीतल्या आकड्यांच्या भागातले गुण अमेरिकन मुलांपेक्षा कमी येत होते. एलिस आणि हेनेली यांनी १९८० साली द्विभाषिक वेल्श माणसांची परीक्षा घेऊन दाखवले की वेल्श भाषेतले आकडे उच्चारायला इंग्रजी आकड्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्याच माणसाला इंग्रजीत जास्त आकडे आठवतात, जरी त्याची घरची भाषा वेल्श असली तरी. मनातल्या मनात उच्चार करण्याची सोय काढून घेतली की दोन भाषांतला फरकही नाहीसा होतो. उलट चिनी आकडे अतिशय आखूड आहेत, आणि चिनी बोलणाऱ्यांचा आवाका इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा मोठा येतो. यावरून इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना स्मृतिदोष आहे आणि त्यांच्या मुलांना लहानपणी चिनी शिकवून तो दूर केला पाहिजे, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. कर्णबधिरांच्या बाबतीत मात्र त्याच प्रकारच्या फरकावरून नेमका त्याच प्रकारचा निष्कर्ष सहज काढला जातो. माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत मोठा अन्याय हा आहे.

शिवाय स्मृती मोजण्याचे क्रमवार पाठ म्हणणे हे एकच माप का मानावे? २००४ च्याच अभ्यासात याद्यांऐवजी दुसरे काम दिले होते: काही शब्द दाखवायचे, मग ते कोणत्याही क्रमाने आठवायचे आणि प्रत्येकासाठी अर्थपूर्ण वाक्य तयार करायचे. विचार करणे आणि आठवण ठेवणे एकाच वेळी करावे लागणारे हे काम रोजच्या जगण्याच्या, संभाषणाच्या आणि अभ्यासाच्या कितीतरी जवळचे आहे, आणि त्यात कर्णबधिर व ऐकणारे यांत फरक उरला नाही. १९९७ सालच्या एका अभ्यासात कर्णबधिर आईवडिलांच्या घरी सांकेतिक भाषेत वाढलेल्या कर्णबधिर मुलांना आकडे सरळ क्रमाने आणि उलट्या क्रमाने सांगायला लावले. ऐकणारी मुले उलट क्रमात नेहमीप्रमाणे मागे पडली, पण कर्णबधिर मुलांनी दोन्ही क्रमांत सारखीच कामगिरी केली. आवाज एका दिशेने वाहतो आणि त्याला उलटे फिरवायला कष्ट पडतात. जागेत मांडलेली गोष्ट कोणत्या टोकाकडून वाचावी याचे तितके बंधन नसते.

सांकेतिक भाषांची रचनाच या वस्तुस्थितीला साजेशी आहे. एक संकेत करायला साधारणतः एक शब्द उच्चारण्याच्या दुप्पट वेळ लागतो, हे बेलुगी आणि फिशर यांनी १९७२ सालीच मोजले होते. आणि तरीही एक पूर्ण विधान करायला दोन्ही भाषांत सारखाच वेळ लागतो, हेही त्यांनीच मोजले. कारण बोलण्यात जे प्रत्यय, क्रियाविशेषणे आणि शब्दयोगी अव्यये एकामागून एक मांडावी लागतात, ते सांकेतिक भाषेत एकाच वेळी येते. हात क्रिया दाखवत असताना भुवया प्रश्न विचारत असतात, ओठ ती क्रिया कशी झाली हे सांगत असतात, आणि हात हवेत कुठल्या दिशेने गेला यावरून कोणी कोणाला दिले हे कळते. जेराची आणि सहकाऱ्यांनी यावरच बोट ठेवले आहे: क्रमवार साठवण तुलनेने कमी असलेली भाषा लांब साखळ्यांवर विसंबून राहत नाही, ती गोष्टी एकत्र आणि समांतर मांडते. त्या भाषेला कमतरता म्हणावे, की तिच्या माध्यमात पुरेपूर बसणारे व्याकरण म्हणावे, हे वाचकाने ठरवावे.

आपल्या समाजात क्रमवार, मुखोद्गत स्मृतीला फार मोठी प्रतिष्ठा आहे, आणि ती प्रतिष्ठा इथे आड येते. वेदपठणाच्या परंपरेत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठांचे प्रकार बांधले गेले, आणि लिहिण्याविना हजारो ऋचा अचूक टिकल्या. मराठी घरांत संध्याकाळी परवचा होई, पाढे, पावकी, निमकी मोठ्याने म्हटली जात, आणि एकदा ऐकून पाठ होणाऱ्या मुलाचे कौतुक आळीभर होई. ही आवाजाच्या लयीवर उभी असलेली विलक्षण तालीम आहे, तिचे मोल मी कमी करत नाही. पण ती एका वाटेची तालीम आहे, आणि आपण तिलाच बुद्धीचे परिमाण मानून बसलो आहोत. जे मूल लयीत पाढा म्हणू शकत नाही ते गणितात मागे राहणार, असा निकाल शिक्षक आणि पालक किती सहज देऊन टाकतात, हे कर्णबधिर मुलांच्या पालकांना चांगले ठाऊक असते.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे तो अमेरिकेतल्या कॉनवे, पिसोनी आणि क्रोनेनबर्गर यांनी २००९ साली मांडलेला. आवाज हा काळात उलगडतो, म्हणून ऐकण्याचा अनुभवच मुलाला क्रम आणि वेळ हाताळायला शिकवतो. तो अनुभव उशिरा मिळाला तर क्रम शिकण्याची सगळीच क्षमता, अगदी डोळ्यांनी दिसणाऱ्या क्रमाचीही, कच्ची राहते, असे त्यांचे म्हणणे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे श्रवण-उपकरण, बसवलेल्या मुलांचा आकड्यांचा आवाका त्यांच्या वयाच्या ऐकणाऱ्या मुलांपेक्षा कमी असल्याची निरीक्षणे त्यांच्या हाती होती, आणि ही निरीक्षणे खोटी नाहीत. हा युक्तिवाद खरा ठरला तर शक्य तितक्या लवकर आवाज द्या, आवाजाशिवाय दुसऱ्या कशाने मुलाचे लक्ष विचलित करू नका, हा सल्ला त्यातून निघतो, आणि अनेक ठिकाणी तो तसाच दिला जातो.

परंतु त्या मुलांच्या आयुष्यात उशिरा आलेली गोष्ट फक्त आवाज नव्हती. भाषाही उशिरा आली होती. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात, त्यांच्याशी बोलायला घरात कोणालाही संकेत येत नाहीत, आणि इम्प्लांट बसवून तो काम करू लागेपर्यंत कळण्याजोगी कुठलीही भाषा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आवाज आणि भाषा यांची ही सरमिसळ सोडवायची तर आवाज नाही पण भाषा जन्मापासून आहे अशी मुले पाहावी लागतात, म्हणजे कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर मुले. मार्शल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये २०१५ साली हेच केले. भाषेवर न अवलंबणाऱ्या कार्यकारी स्मृतीच्या चाचण्यांत जन्मापासून संकेत मिळालेली कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने उभी राहिली. संकेत उशिरा मिळालेली कर्णबधिर मुले मागे पडली. २०१७ साली मॅथ्यू हॉल आणि सहकाऱ्यांनी लक्ष, संयम, नियोजन यांसारख्या क्षमतांबाबत हाच नमुना दाखवला, आणि २०१८ साली नकळत क्रम शिकण्याच्या चाचणीतही कर्णबधिर आणि ऐकणाऱ्या मुलांत फरक आढळला नाही. ऐकू न येण्याने जे बिघडते असे म्हटले गेले, ते जन्मापासून भाषा मिळालेल्या कर्णबधिर मुलांत बिघडलेले दिसत नाही.

या मुद्द्यावर मला सर्वांत अधिक हलवून टाकणारा अभ्यास रेचल मेबेरी यांचा १९९३ चा आहे. अमेरिकन सांकेतिक भाषा साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या वयात शिकलेल्या, आणि त्यानंतर कित्येक दशके ती रोज वापरणाऱ्या कर्णबधिर प्रौढांचे दोन गट त्यांनी घेतले. एका गटाला त्याआधी नावाजोगी कोणतीच भाषा मिळालेली नव्हती, सांकेतिक भाषा हीच त्यांची पहिली भाषा ठरली. दुसऱ्या गटातली माणसे ऐकू येत असताना इंग्रजी शिकली होती आणि बालपणात आजाराने वगैरे बहिरी झाल्यावर संकेतांकडे वळली. दोन्ही गट त्याच वयात संकेत शिकले, दोघांनाही सरावाची वर्षे भरपूर मिळाली. लांब, गुंतागुंतीची वाक्ये पाहून ती लक्षात ठेवून परत सांगण्याच्या कामात दुसरा गट स्पष्टपणे सरस ठरला. आधी कुठलीतरी एक भाषा पूर्ण मिळालेली असणे, मग ती कानांची असो वा हातांची, स्मृतीचा पाया बनते. आणि बालपणीची ती संधी हुकली, तर पुढची चार-पाच दशके रोजचा वापरही तो पाया पूर्ण भरून काढू शकत नाही. कर्णबधिर मुलांच्या स्मृतीविषयी काळजी करायची असेल, तर काळजी या गोष्टीची करावी.

आणि नेमके याच ठिकाणी गेल्या दीडशे वर्षांत सर्वांत मोठी हानी झाली. १८८० साली मिलान इथे भरलेल्या, कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून संकेत हद्दपार करून फक्त ओठ वाचायला आणि बोलायला शिकवावे असा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. या ठरावाबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने व्हँकुव्हर इथे २०१० साली खेद व्यक्त केला, म्हणजे एकशे तीस वर्षांनी. त्या मधल्या काळाचा हिशेब कॉनरॅड यांनी १९७९ साली ब्रिटनपुरता मांडला: मौखिक पद्धतीच्या शाळांतून पंधरा-सोळाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या कर्णबधिर मुलांची वाचनाची पातळी मधल्या मुलाच्या बाबतीत नऊ वर्षांच्या मुलाइतकी होती. मुंबईत कर्णबधिर मुलांची पहिली शाळा निघाली ती १८८० च्याच दशकात, मिलानच्या सावलीत. आपल्याकडच्या बहुतेक कर्णबधिर शाळा त्याच मौखिक वळणावर घडल्या, आणि मुलांनी भाषा मिळवली ती वर्गात नव्हे, वसतिगृहात आणि मैदानात, मोठ्या मुलांकडून, शिक्षकांची नजर चुकवून.

कागदावर आता बरेच बदलले आहे. भारताने २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, त्यात सांकेतिक भाषा शिकण्याची सोय करण्याचे कर्तव्य आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ मध्ये सांकेतिक भाषा येणारे शिक्षक तयार करण्याची व नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार संकेत आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणाचा उल्लेख केला. हे सगळे स्वागतार्ह आहे, पण शब्दकोश बाळाशी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्यांतल्या ज्या मुलांना पहिल्या तीन वर्षांत कोणी हातांनी बोलणारा माणूस भेटला असेल, ती भाग्यवान म्हणावी लागतील.

वर्गापुरते बोलायचे तर क्रमवार आठवणीतला फरक शिक्षकाने लक्षात घ्यावा, कारण तो खरा आहे. दुभाष्याकडून एकामागून एक सात-आठ सूचना सांगून त्या तशाच पाळल्या जाव्यात अशी अपेक्षा करू नये. त्या फळ्यावर लिहाव्यात, जागेत मांडाव्यात, नकाशासारख्या पसराव्यात. लिखित मराठी ही ध्वनींच्या क्रमावर उभी आहे, त्यामुळे ती शिकताना कर्णबधिर मुलाला ऐकणाऱ्या मुलापेक्षा अधिक वेळ आणि वेगळी रीत लागेल. हे त्याच्या आळसाचे किंवा मंदपणाचे लक्षण मानू नये. बुद्धिमापन करणाऱ्या मानसतज्ज्ञाने आकड्यांच्या आवाक्याचा भाग संकेतांत भाषांतरित करून दिला आणि गुण ऐकणाऱ्या मुलांच्या तक्त्यावर लावले, तर तो अहवाल चुकीचा आहे, कारण तो तक्ता दुसऱ्या वाहिनीसाठी बनलेला आहे. हॉल आणि बॅव्हेलिए यांनीही हाच इशारा दिला आहे. परीक्षा मंडळे जादा वेळ आणि भाषाविषयांत सूट देतात, ती आवश्यक आहे, पण सूट म्हणजे अपेक्षा कमी करणे ठरू नये. उत्तर संकेतांत देण्याची मुभा ही सूट नाही, ती समान संधी आहे.

मुख्य निर्णय मात्र शाळेच्या कितीतरी आधी होतात. बाळाच्या बहिरेपणाचे निदान झाले की आईवडिलांना पुष्कळदा सांगितले जाते की खुणा करू नका, नाहीतर ते बोलायला शिकणार नाही. हा सल्ला देणाऱ्यांच्या मनात बाळाचे हितच असते याबद्दल मला शंका नाही, आणि श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट यांच्या उपयोगाबद्दलही नाही. अनेक मुलांना त्यांनी बोली मिळवून दिली आहे. पण कोणत्या मुलाला त्याचा किती उपयोग होईल हे आधी कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि तोपर्यंतची वर्षे मुलाने भाषेविना काढावीत असे सांगणे हा मुलाच्या स्मृतीवर, आणि केवळ स्मृतीवरच नाही, लावलेला मोठा जुगार आहे. संकेत शिकल्याने बोली मागे पडते यापेक्षा एका भाषेचा भक्कम पाया दुसरीला उचलून धरतो, असेच मेबेरी यांचा अभ्यास सुचवतो.

महाराष्ट्राला या बाबतीत पुढाकार घ्यायला जागा आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर इथून सुरू झाला, जन्मजात बहिरेपणा हा त्यातल्या तपासणीच्या यादीत आहे, आणि त्याअंतर्गत जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली. त्या केंद्रांच्या मनुष्यबळात श्रवण व वाचा तज्ज्ञ आहे, मानसतज्ज्ञ आहे, विशेष शिक्षक आहे. सांकेतिक भाषेत वाढलेल्या कर्णबधिर प्रौढाचे पद नाही. ते पद निर्माण करावे. प्रत्येक जिल्हा केंद्रात असे एक-दोन प्रशिक्षित कर्णबधिर कर्मचारी असावेत, निदान होताच त्यांनी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्या घरी जावे, बाळाशी त्याच्या डोळ्यांना कळेल अशा भाषेत बोलावे, आणि आईवडील, आजी-आजोबा व मोठी भावंडे यांना रोजच्या व्यवहाराचे संकेत शिकवावेत. श्रवणयंत्र, वाचा-उपचार, इम्प्लांटची प्रतीक्षायादी हे सगळे त्याच वेळी चालू राहू शकते, एकाने दुसऱ्याला अडवण्याचे कारण नाही. या कामासाठी लागणारी माणसे राज्यात आहेत, कारण कर्णबधिर शाळांच्या वसतिगृहांतून गेल्या अनेक दशकांत संकेत एका पिढीकडून दुसरीकडे पोहोचवणारी माणसे तीच आहेत. त्यांना आजवर कोणी पगार देऊन, मानाने, बाळांच्या घरी पाठवलेले नाही, आणि आरोग्य विभागाने सुरुवात तिथूनच करावी.